इंग्रजी क्रियापदांचे काळ कसे ओळखावे

इंग्रजी क्रियापदांच्या काळांविषयी सोप्या मराठीत काही लिहावे, अशी विनंती आमच्या मंडळ्यांतील तरुण बंधुभगिनींनी व काही प्रचारकांनीही आम्हांस वारंवार केली आहे. ही विनंती आम्ही आजवर टाळीत आलो. ह्याचे कारण आळस नव्हे, लाज होय. ती लाज कशाची, हे प्रथम सांगतो, म्हणजे पुढील पाठ कोणत्या गरजेतून लिहिला आहे हे वाचकांच्या ध्यानी येईल.

काही वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या दिवसांत आमच्या मंडळीतील एका वृद्ध बाईंस रक्तदाब वाढल्यामुळे मुंबईच्या एका इस्पितळात न्यावे लागले. घरच्यांपैकी कोणासही इंग्रजी लिहिण्याचा सराव नव्हता, म्हणून त्यांचा मुलगा आम्हांकडे आला व आईच्या दुखण्याची हकीकत इंग्रजीत लिहून मागू लागला. तो म्हणाला, "आई दोन वर्षे दाबाची गोळी घेत होती." आम्ही कागदावर लिहिले, 'शी इज टेकिंग टॅब्लेट सिन्स टू इयर्स.' वस्तुस्थिती अशी होती की, बरे वाटू लागले म्हणून आजींनी ती गोळी मे महिन्यातच सोडून दिली होती. डॉक्टरांनी कागद वाचला. गोळी चालू असूनही दाब उतरत नाही अशी त्यांची समजूत झाली, आणि त्यांनी जुनी गोळी तशीच ठेवून आणखी एक जोराचे औषध जोडून दिले. आजी घरी आल्यावर दोन्ही औषधे नेमाने घेऊ लागल्या, आणि चौथ्या दिवशी पहाटे अंगणात भोवळ येऊन पडल्या. उजवा हात मोडला. पुन्हा इस्पितळात गेल्यावर एका मराठी परिचारिकेने सहज विचारले, "आजी, जुनी गोळी किती दिवस घेता?" आजी म्हणाल्या, "मी तर ती कधीच सोडली होती, बाई. आता तुम्ही सांगितलीत म्हणून पुन्हा धरली."

हात पुढे बरा झाला. डॉक्टरांकडे बोट दाखविण्यास जागा नव्हती. त्यांनी कागदावर होते तेच वाचले. 'घेत होती' ह्याचे आम्ही 'घेत आहे' असे करून टाकिले, आणि एका शब्दाने आजींचा हात मोडला. विशेष लाजेची गोष्ट ही की, सेमिनरीत असताना इंग्रजीच्या बाराही काळांचा तक्ता आम्हांस तोंडपाठ होता आणि परीक्षेत त्याचे पूर्ण गुण मिळाले होते.

तेव्हा तक्ता पाठ असणे आणि काळ ओळखता येणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. घडी करून कोनाड्यात ठेविलेले जाळे कितीही चांगले विणलेले असले तरी त्यात मासा येत नाही. पाठांतराचा आम्हांस तिरस्कार नाही; तक्ता पाठ करावाच. परंतु ह्या पाठात आम्ही विशेषेकरून हे दाखविणार आहो की, मराठी बोलणाऱ्याचा पाय नेमका कोठे घसरतो. कारण तो वाटेल तेथे घसरत नाही. त्याच्या मातृभाषेने जेथे एक वाट पाडून ठेविली आहे आणि इंग्रजीने दुसरी, तेथेच तो घसरतो.

वसईकरांनी तरी ह्या विषयास भिऊ नये. मराठीचे पाणिनी म्हणून ज्यांस गौरविले जाते ते दादोबा पांडुरंग (१८१४–१८८२) हे तर्खडकर घराण्यातले, आणि हे आडनाव आपल्याच वसई तालुक्यातील तर्खड गावावरून आलेले. त्यांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६ साली प्रसिद्ध झाले, आणि त्याची मांडणी करिताना लिंडले मरे ह्या इंग्रजी व्याकरणकाराचा नमुना त्यांनी पुढे ठेविला होता. म्हणजे इंग्रजीच्या आरशात आपली भाषा पाहण्याचा उद्योग ह्या गावचे नाव लावणाऱ्याने जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीच केला. पुढे त्याच आडनावाने ओळखली जाणारी 'भाषांतर पाठमाला' निघाली, आणि मराठी मुलांच्या कित्येक पिढ्या तिच्यातील वाक्ये इकडून तिकडे करीत इंग्रजी शिकल्या. आम्ही येथे तोच जुना मार्ग धरितो: मराठी वाक्य घ्यावे, आणि ते इंग्रजीत जाताना कोठे अडते ते पाहावे.

प्रथम रूपे कशी बनतात ते थोडक्यात पाहू. इंग्रजी क्रियापद दोन प्रश्नांची उत्तरे देते. गोष्ट केव्हाची, हा पहिला. आणि तिची अवस्था काय, म्हणजे ती नुसती सांगावयाची आहे, चालू आहे, पुरी झाली आहे, की मागून चालत आली आहे, हा दुसरा. काळ तीन व अवस्था चार, म्हणून तक्त्यात बारा घरे होतात. (हल्लीचे भाषाशास्त्रज्ञ म्हणतात की, इंग्रजीत क्रियापदाचे रूप पालटून होणारे काळ खरे तर दोनच, वर्तमान व भूत, भविष्य साहाय्यक शब्दांनी साधावे लागते. म्हणणे बरोबर आहे, पण शिकणाऱ्याने त्यात गुंतू नये.)

'प्लांट' म्हणजे रोप लावणे हे क्रियापद घ्या. 'आय प्लांट', मी लावतो. 'आय ॲम प्लांटिंग', मी लावीत आहे. 'आय हॅव प्लांटेड', मी लावले आहे. 'आय हॅव बीन प्लांटिंग', मी सकाळपासून लावीत आलो आहे. ह्या चौथ्या रूपाला शाळेतील मुले फार भितात. परंतु 'करीत आलो आहे' हा प्रयोग आपल्या मराठीत आहेच, आणि ह्या लेखाच्या आरंभी आम्हीही त्याच्या जवळचाच प्रयोग केला आहे. आता ह्याच चौघांस भूतकाळात न्यावयाचे तर 'प्लांटेड', 'वॉज प्लांटिंग', 'हॅड प्लांटेड', 'हॅड बीन प्लांटिंग' असे म्हणावे. भविष्यात न्यावयाचे तर प्रत्येकाआधी 'विल' ठेवून 'विल प्लांट', 'विल बी प्लांटिंग', 'विल हॅव प्लांटेड', 'विल हॅव बीन प्लांटिंग' असे म्हणावे. ह्यांतील शेवटच्या रूपाची गरज आम्हांस आजवर दोनतीन वेळांपलीकडे पडलेली नाही. ते पाठ असू द्यावे, पण त्यासाठी झोप घालवू नये.

क्रियापदाची तीन रूपे ठाऊक असली की हा सर्व तक्ता उभा राहतो. नियमित क्रियापदांस भूतकाळी 'ईडी' ही अक्षरे लागतात. ती लिहिताना एकसारखी असली तरी बोलताना तिचे तीन उच्चार होतात, हे आमच्याकडील शाळांतून क्वचितच सांगितले जाते. 'वॉक', 'वॉश', 'हेल्प' ह्यांसारख्या शब्दांपुढे नुसता 'ट्' येतो: 'वॉक्ट', 'वॉश्ट', 'हेल्प्ट'. 'कॉल', 'क्लीन' ह्यांपुढे 'ड्' येतो: 'कॉल्ड', 'क्लीन्ड'. मुळातच शेवटी 'ट' किंवा 'ड' असेल तरच पूर्ण 'इड' ऐकू येते: 'प्लांटेड', 'नीडेड'. मुलाखतीस गेलेला मुलगा 'वॉकेड', 'कुकेड' असे म्हणू लागला म्हणजे त्याचे व्याकरण शुद्ध असूनही ऐकणाऱ्यास ते अशुद्ध वाटते, आणि बिचाऱ्यास आपले काय चुकले हे कळत नाही.

अनियमित क्रियापदे सुमारे २०० आहेत. 'गो' ह्याचे 'गोड' न होता 'वेंट' का होते, असा प्रश्न आमच्या सायंवर्गात दर वर्षी कोणी तरी विचारतो. त्याचे उत्तर असे की, 'वेंट' हे मुळात 'वेंड' ह्या दुसऱ्याच क्रियापदाचे भूतकाळी रूप. ते 'गो'च्या घरात येऊन राहिले आणि तेथलेच झाले. पण हा प्रश्न विचारणाऱ्यास आम्ही उलट विचारितो, "तू 'जा' ह्याचे 'जाला' का म्हणत नाहीस? 'गेला' कोठून आणलास?" आपलेही 'जा' एका संस्कृत धातूपासून आले आणि 'गेला' दुसऱ्याच्या 'गत' ह्या रूपापासून. 'कर' ह्याचे 'केला', 'मर' ह्याचे 'मेला', 'खा' ह्याचे 'खाल्ला', 'दे' ह्याचे 'दिला', 'माग' ह्याचे 'मागितला': ही रूपे परभाषी मनुष्यास किती छळीत असतील ह्याचा विचार करावा. आपण ती आईच्या मांडीवर शिकलो म्हणून छळ झाला नाही, एवढेच. उलट इंग्रजी भूतकाळात एक मोठी सवलत आहे. मराठीत 'मी आंबा खाल्ला', 'मी पोळी खाल्ली', 'मी केळी खाल्ली', असे क्रियापद कर्माच्या मागे फिरते. इंग्रजीत आंबा असो, पोळी असो, खाणारा बाप असो की लेक असो, 'एट' ते 'एट'च राहते.

वर्तमानकाळात मात्र एक बारीक काटा आहे. तो, ती किंवा एखादे एकवचनी नाम कर्ता असेल तर क्रियापदास 'स' अथवा 'झ' असा ध्वनी लागतो: 'शी सेल्स फिश'. प्रश्न करिताना किंवा नकार देताना 'डझ' येते, आणि तो ध्वनी 'डझ'कडे जातो: 'डझ शी सेल फिश?' 'डझ शी सेल्स' नव्हे. भूतकाळी तोच प्रकार. 'शी वेंट', पण 'डिड शी गो?' आणि 'शी डिड नॉट गो'. 'डिड नॉट वेंट' ही चूक आपल्याकडे इतकी रुळली आहे की, ती ऐकून आता कोणी दचकत नाही. ती टाळण्यासाठी आमच्या वर्गातील एका कोळी भगिनीने आपणच एक दृष्टान्त काढिला. माशांची पाटी एकच. थोरल्या बहिणीने डोक्यावर घेतली की धाकटी मोकळी चालते. 'डिड' ही थोरली. काळाची पाटी तिने उचलली, आता 'गो'ने पुन्हा ती घेऊ नये.

येथवर रूपांची गोष्ट झाली. आता जेथे खरे पाय घसरतात तेथे येऊ, आणि येथे आम्ही सावकाश चालणार आहो.

मराठीत आपण म्हणतो, "काल मी मुंबईला गेलो होतो." इंग्रजी शिकलेला मुलगा 'होतो' हा शब्द पाहतो, त्याला तक्त्यातील 'हॅड' आठवतो, आणि तो 'यस्टरडे आय हॅड गॉन टू मुंबई' असे म्हणून मोकळा होतो. इंग्रज माणूस हे ऐकून थांबतो आणि पुढील वाक्याची वाट पाहतो, कारण त्याच्या भाषेत 'हॅड गॉन' म्हणजे दुसरी काही तरी गोष्ट घडण्याच्या आधीच गेलो होतो. कशाच्या आधी, हे त्यास कळेना होते. आपला 'होतो' पुष्कळदा इतकेच सांगतो की, गेलो आणि परत आलो. तेवढ्यापुरते साधे 'आय वेंट' पुरे.

मग 'हॅड' खरोखर कोठे लागतो? विरारच्या स्थानकावर नित्य घडते ते पाहा. 'व्हेन वी रीच्ड विरार, द ट्रेन लेफ्ट', म्हणजे आम्ही पोहोचलो आणि आमच्या डोळ्यांदेखत गाडी हलली. चपळ मनुष्यास कदाचित डबा धरिताही आला असता. 'व्हेन वी रीच्ड विरार, द ट्रेन हॅड लेफ्ट', म्हणजे आम्ही पोहोचलो तेव्हा फलाट मोकळा होता. भूतकाळातील दोन गोष्टींपैकी अगोदरची कोणती, हे दाखविण्याचे काम 'हॅड' करितो. गोष्ट एकच असेल, किंवा गोष्टी घडल्या त्याच क्रमाने सांगावयाच्या असतील, तर त्याला बोलावू नये.

दुसरी घसरण 'आहे' ह्या शब्दापाशी. 'मी त्यांना पाहिले आहे' ह्याचे 'आय हॅव सीन हिम' होते, हे ठीक. पण मराठीत "मी त्यांना काल बाजारात पाहिले आहे," असेही आपण बेलाशक म्हणतो, व त्यात काही चूक नाही. इंग्रजीत मात्र 'हॅव सीन' ह्याच्याबरोबर 'यस्टरडे' बसत नाही. कारण 'हॅव' हा शब्द वर्तमानकाळाचा आहे. तो झालेल्या गोष्टीचा आजच्याशी संबंध सांगतो: पाहिले आहे, म्हणून आज ओळखतो, जेवलो आहे, म्हणून आता भूक नाही, चावी हरवली आहे, म्हणून दाराबाहेर उभा आहे. ज्या क्षणी आपण काल, गेल्या रविवारी, अमुक साली असा मुक्काम नेमून देतो, त्या क्षणी इंग्रजी ती गोष्ट पलीकडच्या तीरावर सोडते आणि साधा भूतकाळ मागते. चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला १७३९ साली घेतला. येथे 'टुक' म्हणावे, 'हॅज टेकन' नव्हे. विरारहून मुंबईकडे पहिली गाडी १८६७ साली सुटली. येथे 'लेफ्ट' म्हणावे, 'हॅज लेफ्ट' नव्हे. सन लिहिला की 'हॅव' पुसावा, असे आम्ही मुलांस सांगतो, आणि एवढ्या एका सूचनेने त्यांच्या निम्म्या चुका जातात. (अमेरिकेत आप्त असलेल्यांनी हेही ध्यानात ठेवावे की, तिकडील लोक आताच जेवलो ह्या अर्थी 'आय जस्ट एट' असे सर्रास म्हणतात. ती त्यांची रीत आहे. तिला चूक म्हणू नये.)

ह्या 'आहे'च्या निमित्ताने एक जुनी गंमत सांगण्यासारखी आहे. पूर्वी इंग्रजीतही येणे, जाणे, उठणे अशा क्रियापदांपुढे 'हॅव' न लावता 'इज' लावीत असत. आपण 'आला आहे' म्हणतो, तसेच ते 'इज कम' म्हणत. १६११ साली निघालेले जुने इंग्रजी बायबल ज्यांच्या घरी असेल त्यांस ही रूपे पानोपानी आढळतील, आणि त्यांबरोबर 'कमेथ', 'सेथ' अशी 'एथ'वाली रूपेही. ही बोलण्यातून तेव्हाच मागे पडू लागली होती. आमचे काही प्रचारक बंधू त्या ग्रंथाच्या प्रीतीने अर्जात व पत्रातही ही रूपे घालतात. वाचताना ती अवश्य समजून घ्यावी. पण तहसील कचेरीस पाठवावयाच्या अर्जात 'द तलाठी कमेथ नॉट' असे लिहिल्यास काम होण्यास विलंब लागेल अशी आम्हांस भीती वाटते.

आता ज्या जागी आमचा स्वतःचा पाय मोडला, किंबहुना आजींचा हात मोडला, त्या जागी येऊ. मराठीत 'पासून' हा एकच शब्द दोन कामे करितो. 'सोमवारपासून ताप आहे' येथे तो आरंभाचा दिवस दाखवितो. 'दोन वर्षांपासून औषध चालू आहे' येथे तो मुदतीची लांबी दाखवितो. इंग्रजीने ही दोन कामे दोन शब्दांस वाटून दिली आहेत. आरंभासाठी 'सिन्स', लांबीसाठी 'फॉर'. 'सिन्स मंडे', पण 'फॉर टू इयर्स'. ही झाली अर्धी गोष्ट. उरलेली अर्धी ह्याहून महत्त्वाची आहे. मागे सुरू होऊन आजही चालू असलेल्या गोष्टीस मराठीत साधा वर्तमानकाळ चालतो: 'ती दोन वर्षांपासून गोळी घेते.' इंग्रजी तेथे नुसता 'इज टेकिंग' चालू देत नाही. तिला मागची वर्षे आणि आजचा दिवस ह्यांना जोडणारा 'हॅव' हवा असतो. म्हणून आजही घेत असेल तर 'शी हॅज बीन टेकिंग द टॅब्लेट फॉर टू इयर्स'. आणि घेणे संपले असेल तर साधा भूतकाळ, व संपल्याचा महिना निराळा सांगावा: 'शी टुक द टॅब्लेट फॉर टू इयर्स. शी स्टॉप्ड इन मे.' दोन लहान वाक्ये; आम्ही तेवढी लिहिली असती तर पुरे होते. येथे बारकाईने पाहा. 'फॉर टू इयर्स' हे शब्द दोन्हीकडे तेच आहेत. गोळी आज पोटात जाते की नाही, हे केवळ क्रियापद सांगते.

हाच भेद आपल्या जिल्ह्याच्या उदाहरणाने चांगला ठसतो. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला. तोवर वसई ठाणे जिल्ह्यात होती. तेव्हा ठाण्याविषयी म्हणावे, 'वसई वॉज इन ठाणे डिस्ट्रिक्ट अनटिल २०१४'; ते संपले. पालघराविषयी म्हणावे, 'वसई हॅज बीन इन पालघर डिस्ट्रिक्ट सिन्स २०१४'. ते चालू आहे. नोकरीच्या अर्जातही हेच घडते. 'आय वर्क्ट इन अ बोटयार्ड फॉर फाइव्ह इयर्स' असे लिहिणारा मनुष्य काम सोडून बसला आहे असे वाचणारा समजतो. 'आय हॅव बीन वर्किंग' असे लिहिणारा अजून कामावर आहे. आखातात किंवा जहाजावर नोकरी शोधणाऱ्या आमच्या तरुणांनी आपला अर्ज पाठविण्याआधी ह्या एका ठिकाणी तरी बोट ठेवून पाहावे.

जे पूर्वी नेमाने होत असे आणि आता होत नाही, त्यासाठी मराठीत 'करीत असे' हा सुंदर प्रयोग आहे. इंग्रजीत त्याचा जोडीदार 'यूज्ड टू'. 'माझी आजी राजेळी केळ्यांची सुकेळी करीत असे', ह्याचे 'माय ग्रँडमदर यूज्ड टू मेक सुकेळी' असे करावे. (सुकेळी हा शब्द तसाच ठेवावा, 'ड्राय बनाना' म्हटल्याने त्या पदार्थाचा अपमान होतो.) 'वॉज मेकिंग' म्हटल्यास एखाद्या विशिष्ट दिवशी, आपण दारात गेलो त्या वेळी, ती करीत बसली होती असा अर्थ होतो. दोन्ही खरे असू शकेल, पण ती दोन चित्रे आहेत.

'आय ॲम नोइंग', 'आय ॲम हॅविंग टू सन्स' अशा वाक्यांविषयी थोडेसे. जाणणे, आवडणे, हवे असणे, मालकीचे असणे ह्या गोष्टी इंग्रजीस चालू क्रिया वाटत नाहीत, स्थिती वाटतात. म्हणून त्यांस बहुधा 'इंग' लागत नाही. 'आय नो', 'आय हॅव टू सन्स'. मराठीत आपण 'मला कळत आहे', 'मला दोन मुलगे आहेत' असे 'आहे' लावून बोलतो, आणि तो 'आहे' आपणास 'ॲम'कडे ओढतो.

राहिला भविष्यकाळ. 'जाईन' ह्यास 'विल गो', 'जाणार आहे' ह्यास 'ॲम गोइंग टू गो' असे ढोबळ मानाने समजावे. ठरलेल्या वेळापत्रकास साधा वर्तमानकाळही चालतो, 'द ट्रेन लीव्ज ॲट सिक्स'. 'आय शॅल', 'वी शॅल' असे जुन्या पुस्तकांतून शिकवीत, हल्ली 'विल'च अधिक चालते. खरी अडचण निराळी आहे. मराठीत भूतकाळाचे रूप घेऊन आपण भविष्य बोलतो. मुलास हाक मारा, तो जागचा न हलता म्हणतो, "आलो, आलो!" तेथे 'आय केम' म्हटल्यास फजिती होईल, 'आय ॲम कमिंग' म्हणावे. "बस आली तर जाऊ" ह्यातील 'आली' हीसुद्धा अजून यावयाचीच आहे. इंग्रजीत 'इफ द बस कम्स, वी विल गो'. आणि "पाऊस थांबेल तेव्हा निघू" ह्यात मराठीने दोन्हीकडे भविष्य घातले; इंग्रजी मात्र 'व्हेन' आणि 'इफ' ह्यांच्या मागे बहुधा 'विल' येऊ देत नाही, 'व्हेन द रेन स्टॉप्स, वी विल लीव्ह'. येथेही पाटी एकीच्याच डोक्यावर आहे.

आमच्या कित्येक घरांतून लेकरे वाडवळी, कादोडी किंवा वारली बोलतात, शाळेत मराठी शिकतात आणि इंग्रजी त्यांची तिसरी भाषा होते. त्यांच्या शिक्षकांस आमची एक सूचना आहे. मुलाने चूक केली तर लगेच तांबडी रेघ ओढू नये; त्याने मनात कोणते वाक्य धरिले होते ते विचारावे. बहुतेक वेळा ते वाक्य त्याच्या भाषेत बरोबरच असते, आणि चूक कोठे झाली ते त्या वाक्यातच सापडते. आम्हीही आता कोणाचा कागद लिहून देण्यापूर्वी एक प्रश्न मराठीतच विचारितो: "हे आजही चालू आहे काय?" उत्तर मिळाल्याशिवाय लेखणी उचलीत नाही.

पुढील आठवड्यासाठी ही वाक्ये इंग्रजीत करून पाहावी, आणि शक्य तर दोघांनी मिळून करावी, म्हणजे वाद घालता येतो. गेल्या वर्षी आम्ही विहीर खणली. विहिरीला अजून पाणी लागलेले नाही. माझे वडील तीस वर्षे होडीवर होते. आता ते घरी असतात. माझा भाऊ तीन वर्षांपासून कुवेतला काम करतो. मी स्थानकावर पोहोचलो तेव्हा गाडी सुटली होती. काल तुम्ही दवाखान्यात गेला होता काय? डॉक्टर आले की मी तुम्हांला बोलावीन. आजी दोन वर्षे गोळी घेत होती. मे महिन्यात तिने ती सोडली.